पाळी, फिट आणि फडताळातला डबा

डॉक्टरबाई, नमस्कार.

पत्र माझ्या धाकट्या बहिणीबद्दल आहे. ती २२ वर्षांची, बी.कॉम. झालेली, माहेरी आई-वडिलांजवळ असते. १५व्या वर्षापासून तिला फिट येतात. लेव्हेटिरासिटॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे. एरवी महिनाभर काही नसतं, पण पाळीच्या आसपास एखादी फिट हमखास येते. पाळीत पोटही भयंकर दुखतं, उलट्या होतात, रात्रभर झोप नसते. दुखण्यावर मेडिकलमधून गोळी आणून घेते. आमच्याकडे अजून चार दिवस बाजूला बसतात, त्यामुळे ती मागच्या खोलीत पडून असते. स्वतःचं औषधसुद्धा आईकडे मागावं लागतं, कारण डबा देवघराशेजारच्या फडताळात असतो.

आता आमच्या फॅमिली ग्रुपवर बातमी फिरते आहे की पाळीतलं दुखणं आणि अपस्मार, म्हणजे फिटचा आजार, यांचा जनुकांतून संबंध सापडला. माझी मुलगी १३ वर्षांची आहे. गेल्या चार-पाच पाळ्यांपासून तिलाही फार दुखतं. तिचंही मावशीसारखंच होईल का? एका लॅबची जनुक तपासणीची जाहिरात आली आहे, खर्च बराच आहे, पण करून घ्यावी का? आणि आई म्हणते, लग्न झालं की फिट आपोआप जातात. हे खरं आहे का?

— एक मोठी बहीण, नाशिक जिल्हा

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा त्या बातमीसाठी आणि दुसऱ्यांदा फडताळासाठी. फडताळाकडे शेवटी येते.

आधी लेकीचं, कारण खरी धास्ती तिचीच आहे. पाळीत पोट दुखणाऱ्या मुली निम्म्याहून अधिक असतात. फिटचा आजार शंभरात एखादीला असतो, तेवढाही नाही. म्हणजे तुमच्या लेकीसारखं दुखणाऱ्या बहुतेक सगळ्या मुली आयुष्यात कधी फिट न पाहता आजी होतात. राहिली मावशी. सख्ख्या मावशीला अपस्मार आहे म्हणून भाचीचा धोका इतर मुलींपेक्षा फारसा वाढत नाही. तिला पोटदुखी आहे, तर पोटदुखीचाच उपचार करा. मावशीचं भूत तिच्या मागे लावू नका, आणि तिच्यासमोर या विषयावर कुजबुजू तर अजिबात नका. १३ वर्षांच्या मुलीला भिंतीपलीकडचं ऐकू येतं.

पण मग बहिणीचं काय? तिच्या बाबतीत दुखणं आणि फिट एकत्रच येतात, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. ते निरीक्षण बरोबर आहे आणि फार जुनंही. १८५७ साली लंडनच्या एका वैद्यकीय सभेत चार्ल्स लोकॉक यांनी पाळीच्या वेळी फिट येणाऱ्या बायकांना पोटॅशियम ब्रोमाइड दिल्याचं सांगितलं. हे व्हिक्टोरिया राणीचे प्रसूतितज्ज्ञ. त्यांच्या मते हा उन्माद होता, कामवासनेतून येणारा. त्या काळच्या पुरुष डॉक्टरांना बायकांच्या कुठल्याही दुखण्यामागे दुसरं काही दिसतच नसे. कारण साफ चुकलं, औषध मात्र लागू पडलं. अपस्मारावर खरोखर काम करणारं ते पहिलं औषध. पाहिलेलं खरं आणि लावलेलं कारण खोटं, असं या विषयात तेव्हापासून चालू आहे.

आता शरीरात काय होतं ते सांगते. पाळी यायच्या आधीचे दहा-बारा दिवस बीजकोशातून प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक भरपूर तयार होत असतं. त्याचं मेंदूत जाऊन अ‍ॅलोप्रेग्नेनोलोन नावाचं द्रव्य बनतं. नाव लक्षात ठेवू नका, काम लक्षात ठेवा. मेंदूच्या पेशींना शांत ठेवणारी जी गाबा नावाची यंत्रणा असते, तिला ते हातभार लावतं. ब्रेकवर पाय ठेवल्यासारखं म्हणा. इस्ट्रोजेन या दुसऱ्या संप्रेरकाचा कल उलट, पेशींना चेतवण्याकडे. पाळीच्या एक-दोन दिवस आधी प्रोजेस्टेरॉन एकदम खाली येतं, आणि ब्रेकवरचा पाय निघतो. ज्या मेंदूत फिटची प्रवृत्ती मुळातच आहे, तिथे नेमकी याच दिवसांत फिट उसळते.

आणि त्याच वेळी खाली गर्भाशयात काय चाललेलं असतं? तिथेही प्रोजेस्टेरॉनचा आधार गेलेला असतो. आतलं अस्तर सुटायला लागतं, त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं बाहेर पडतात. ती गर्भाशयाला पिळतात, रक्तपुरवठा आवळतात, आणि कळा सुरू होतात. तीच द्रव्यं आतड्यांपर्यंत पोचली की मळमळ, उलट्या, जुलाब. म्हणजे फ्यूज एकच उडाला, पण अंधार दोन खोल्यांत झाला. स्वयंपाकघरातला दिवा गेला म्हणून माजघरातला गेला, असं कुणी म्हणेल का?

नेमक्या याच प्रश्नासाठी जनुकांचं संशोधन कामाला येतं. दोन गोष्टी एकत्र दिसतात तेव्हा एक दुसरीमुळे होते की दोन्ही तिसरीमुळे, हे ओळखायचं कसं? त्यासाठी वापरतात त्या पद्धतीचं नाव मेंडेलियन रँडमायझेशन. मेंडेल म्हणजे शाळेत आपण शिकलो तोच, वाटाण्यांचे प्रयोग करणारा. गर्भ राहतो तेव्हा प्रत्येक जनुकाची आईकडच्या दोन चिठ्ठ्यांतली एक आणि बापाकडच्या दोनांतली एक मुलाच्या वाट्याला येते, भिशीत चिठ्ठी निघते तशी. कुणाला कुठली निघेल हे नशिबाचं. त्या चिठ्ठीला घरची गरिबी, जागरणं, सासू, उपास यांतलं काही माहीत नसतं. मग संशोधक पाहतात, की ‘पाळीत जास्त दुखेल’ अशा चिठ्ठ्या ज्यांच्या वाट्याला जास्त आल्या, त्यांच्यात अपस्मारही जास्त आहे का? दुखण्यामुळेच फिट येत असत्या, तर तो असायला हवा. मग उलटही पडताळतात, अपस्माराच्या चिठ्ठ्या जास्त असलेल्या बायकांना पाळीत जास्त दुखतं का.

पद्धत हुशारीची आहे, मला आवडते. पण तिच्या चिठ्ठ्या आल्या कुठून तेही बघा. २०१६ साली युरोपीय वंशाच्या सुमारे १२ हजार स्त्रियांच्या माहितीवरून पाळीच्या दुखण्याशी जोडलेली एक जागा पहिल्या गुणसूत्रावर सापडली. २०१७मध्ये चिनी संशोधकांना तिथेच खूण मिळाली. शेजारी जनुक आहे नर्व्ह ग्रोथ फॅक्टरचं, म्हणजे मज्जातंतूंना वाढवणाऱ्या प्रथिनाचं. ऐकायला पटतं, दुखणं तंतूंतूनच तर जातं. पण गोम इथेच आहे. जे प्रथिन ओटीपोटातल्या तंतूंना वाढवतं ते मेंदूतही काम करतं. एकच जनुक दोन ठिकाणी दोन वेगळ्या नोकऱ्या करत असेल, तर दुखण्याचा आणि फिटचा आकड्यांत संबंध दिसेल, आणि तरीही दुखण्यामुळे फिट आलेली नसेल. असे अभ्यास करणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. ते त्यासाठी वेगळे हिशोब मांडतात आणि लेखाच्या शेवटी तसं लिहितातही. फॅमिली ग्रुपवर येईपर्यंत तो शेवट गळून गेलेला असतो.

अपस्माराच्या बाजूचंही सांगते. २०२३ साली जगभरातल्या संशोधकांनी मिळून अपस्माराच्या जवळपास ३० हजार रुग्णांची जनुकं तपासली आणि आजाराशी जोडलेल्या २६ जागा शोधल्या. मोठं काम आहे. पण त्यातले बहुतेक रुग्ण युरोपीय वंशाचे, आणि सापडलेल्या जागा मुख्यतः अपस्माराच्या एका प्रकाराच्या, ज्यात जन्मजात प्रवृत्तीचा वाटा मोठा असतो. आपल्याकडे चित्र वेगळं आहे. फिटच्या कितीतरी रुग्णांच्या मेंदूत फीतकृमीच्या अळीची गाठ सापडते, कुणाला लहानपणी मेंदूज्वर झालेला असतो, कुणाला बाळंतपणात गुदमरल्याची इजा, कुणाला मोटरसायकलवरून पडल्याची. त्यांच्या फिटचा जाब जनुकांना विचारून काय मिळणार? आणि या २६ जागांमधली एकेक जागा धोका इतका किंचित वाढवते की हजारोंच्या गर्दीतच ती दिसते. एका मुलीपुरतं त्यावरून काहीच सांगता येत नाही.

म्हणूनच लेकीची तपासणी नको. जनुक तपासणीला मी नावं ठेवत नाही. बाळाला वर्षाच्या आत फिट सुरू झाल्या, वाढ खुंटली, दोन-तीन औषधांना दाद नाही, अशा वेळी ती करायलाच हवी. ड्रॅव्हे नावाच्या आजारात एससीएन१ए या जनुकातला दोष कळला, तर कार्बामॅझेपिनसारखी फिटवरची एरवी चांगली असलेली गोळी का टाळायची तेही कळतं. तिथे एका रिपोर्टने औषध बदलतं. निरोगी मुलीच्या पोटदुखीसाठी केलेल्या तपासणीने फक्त झोप उडेल. ते पैसे तिच्या नावाने बँकेत ठेवा.

बहिणीसाठी मी सांगते ती तपासणी भिंतीवर टांगलेली आहे. कालनिर्णय. ज्या पानावर आई दुधाचे खाडे मांडते त्याच पानावर पाळीच्या पहिल्या दिवशी लाल ठिपका आणि फिट आली की निळी फुली. फुलीशेजारी वेळ. गोळी चुकली असेल तर ‘चु’, उलटी झाली तर ‘उ’, रात्री झोप नसेल तर ‘जा’. बस. तीन-चार महिने.

माझ्याकडे पूर्वी एक सासूबाई सुनेला घेऊन यायच्या. दर अमावस्येला हिला झटका येतो, असं त्यांचं ठाम म्हणणं. आकडी आली की चप्पल हुंगवायच्या, हातात किल्ल्यांचा जुडगा द्यायच्या. मी वाद घातला नाही, फक्त कॅलेंडरवर फुल्या मारायला सांगितलं. चार महिन्यांनी पानं घेऊन आल्या. छापलेल्या काळ्या चंद्राशी एकच फुली जुळत होती, लाल ठिपक्याच्या आदल्या दोन दिवसांशी मात्र पाचपैकी चार. सासूबाईंनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि म्हणाल्या, “म्हंजे अमावस्या हिच्या पोटात हाय म्हना की.” मी म्हटलं, तसं म्हणा. मेंदूच्या डॉक्टरांना ती चार पानं दाखवली आणि औषधाची आखणी बदलली.

पानं घेऊन गेल्यावर डॉक्टर काय बघतील ते सांगते. पाळीचा पहिला दिवस एक धरायचा. त्याच्या आधीच्या तीन दिवसांपासून पाळीच्या तिसऱ्या दिवसापर्यंत फुल्या दाटल्या असतील, तर तो सगळ्यांत नेहमीचा प्रकार. दुसरा प्रकार महिन्याच्या मध्यावर, बीज सुटायच्या सुमाराला, जेव्हा इस्ट्रोजेन उसळलेलं असतं. तिसऱ्यात बीज नीट सुटतच नाही आणि पाळीआधीचा अख्खा पंधरवडा वाईट जातो. अपस्मार असलेल्या बायकांमध्ये साधारण तिघींतल्या एकीच्या फिट अशा पाळीच्या तालावर असतात. तसं निघालं तर उपाय आहेत. काही डॉक्टर त्या ठरावीक दिवसांपुरती क्लोबाझॅम या फिटवरच्या दुसऱ्या गोळीची जोड देतात. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांचा अमेरिकेत जवळपास ३०० बायकांवर प्रयोग झाला, २०१२ साली निष्कर्ष आले. सरसकट फायदा दिसला नाही, पण ज्यांच्या फिट पाळीच्या दिवसांत फारच एकवटत होत्या त्यांना झाला. आणि त्या बायका ओळखल्या कशा? नोंदवहीतूनच.

हे सगळं मेंदूच्या डॉक्टरांनी ठरवायचं. शेजारणीला क्लोबाझॅमचा गुण आला म्हणून आणून देऊ नका. चालू गोळी तर एक दिवसही बंद करायची नाही.

पोटदुखीचं वेगळं, ते माझ्या खात्यातलं. मेडिकलवाला पाळीसाठी देतो ती गोळी बहुतेक वेळा मेफेनॅमिक अ‍ॅसिडची असते, मेफ्टाल म्हणून घरोघरी माहीत असलेली. एरवी चांगली आहे. पण अपस्मार असलेल्यांना ती जपून द्यावी असं औषधशास्त्रात स्पष्ट सांगितलं आहे, आणि जास्त मात्रा पोटात गेली तर तिनेच फिट येऊ शकते. “एकीने राहिलं नाही म्हणून तीन घेतल्या” हे मी कितीदा ऐकते! ट्रॅमाडॉल असलेली गोळी तर बहिणीच्या हाताला लागूच देऊ नका, ती फिटचा उंबरा खाली आणते, म्हणजे फिट सहज येते. तिला आयबुप्रोफेनसारखी साधी गोळी चालेल का ते डॉक्टरांना विचारून घ्या. चालत असेल तर कळा शिगेला पोचायची वाट न बघता दुखायला लागल्या लागल्या, काहीतरी खाऊन घ्यायची. प्रोस्टाग्लँडिन तयार होण्याआधीच अडवलं तर गोळी लागू पडते, एकदा पूर आला की बांध घालून उपयोग नसतो. लेकीलाही हाच नियम, मात्रा तिच्या वजनाप्रमाणे. जोडीला गरम पाण्याची पिशवी.

बहिणीची सोनोग्राफीही एकदा करा. दुखणं वर्षागणिक वाढत असेल, पाळी संपल्यावरही राहत असेल, शौचाला बसताना कळ येत असेल, तर एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार, आहे का ते बघावं लागतं. ‘हिला तर फिटचा आजार आहे’ या एका वाक्याखाली अशा मुलींची बाकी सगळी दुखणी दडपली जातात. कुणी पाळीवर नियंत्रणाच्या, म्हणजे गर्भनिरोधकाच्याच, गोळ्या सुचवल्या, तर फिटचं औषध कोणतं चालू आहे ते आधी सांगा. तिच्या लेव्हेटिरासिटॅमशी त्यांचं वाकडं नाही. पण उद्या औषध बदललं तर लक्षात असू द्या. फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन या गोळ्या गर्भनिरोधक गोळीला निकामी करतात, आणि लॅमोट्रिजिन असेल तर इस्ट्रोजेनची गोळी उलट त्यालाच कमी पाडते.

लग्नाने फिट जात नाहीत. लग्नाने आडनाव बदलतं, मेंदू तोच राहतो. उलट नव्या घरी गोळ्या लपवून घ्याव्या लागतात, त्या चुकतात आणि मांडवपरतणीच्या आतच फिट येते. असे संसार मी मोडताना पाहिले आहेत, आणि मोडले ते आजारामुळे कमी, लपवल्यामुळे जास्त. १९७६च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या अटींमध्ये वेडाच्या झटक्यांच्या जोडीला अपस्मार बसवला होता. १९९९मध्ये तो शब्द काढून टाकला. कायद्याला जे कळलं ते आईंना सांगा, आणि स्थळ आलं की मुलाकडच्यांना आधीच सांगा. दिवस राहण्याआधी मात्र मेंदूच्या डॉक्टरांची गाठ घ्यायचीच. व्हॅल्प्रोएटसारखी फिटवरची गोळी पोटातल्या बाळाला बाधते, आणि फॉलिक अ‍ॅसिड आधीपासून सुरू करायचं असतं.

आता फडताळ.

तुम्ही ते वाक्य ओघात लिहून गेलात, पण मी तिथेच अडकले. महिन्यातले जे चार दिवस तुमच्या बहिणीच्या मेंदूवरचा ब्रेक सुटलेला असतो, नेमके तेच चार दिवस तिच्या गोळ्यांपर्यंत तिचा हात पोचत नाही. आई पूजेत असेल, झोपली असेल, बाजारात गेली असेल, तर गोळीला उशीर. मागितली आणि घेतली, तरी पंधरा मिनिटांत उलटी, गोळी बाहेर. पुन्हा मागायची लाज. रात्रभर कळा, म्हणजे जागरण, आणि जागरणासारखं फिटला दुसरं निमंत्रण नाही. त्यात मागच्या खोलीत एकटी, फरशीवर अंथरूण, दार ओढलेलं. रात्री फिट आली तर कुणाला कळणार? न कळलेली रात्रीची फिट जिवावर बेतू शकते ताई, हे मी घाबरवायला लिहीत नाही.

दुखणं आणि फिट यांना जोडणारं काहीतरी जनुकांत असेलही. तुमच्या घरात त्यांना जोडणारी उलटी, जागरण आणि चुकलेली गोळी तर मला इथे बसून दिसते आहे. कदाचित कॅलेंडरवरच्या फुल्यांशेजारी ‘चु’ आणि ‘उ’च जास्त निघतील. तसं झालं तर औषध वाढवायची गरजसुद्धा पडणार नाही. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर पुन्हा घ्यायची का आणि किती वेळाच्या आत, हे पुढच्या भेटीत विचारून कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा.

गोळ्यांचा डबा तिच्या उशाशी हवा. पाळीत कुणीतरी त्याच खोलीत झोपायला हवं, तुमची लेक सुट्टीत गेली की ती झोपेल, मावशी-भाचीचं जमतं की नाही? फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा घालायचा नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना.

विटाळाबद्दल आईंशी भांडू नका, ते भांडण या पाळीच्या आत संपणार नाही आणि डबा तर आजच हलायला हवा. त्यांना एवढंच सांगा, की डॉक्टरबाईंनी गोळ्यांचा एक जास्तीचा डबा करायला सांगितलाय, मागच्या खोलीतल्या खिडकीत ठेवायला. फडताळातला फडताळात राहू द्या.